दुखण्याची भाषा आणि दूरची सेवा

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातील आमच्या धर्मग्रामांत गेल्या काही वर्षांपासून एक नवे कोडे आमच्यापुढे येऊ लागले आहे. येथील कुटुंबांतील वडीलधारी मंडळी टेल्कोत, बजाजमध्ये किंवा हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये चिकटली, तेव्हा घरात एकच चिंता असे : नोकरी कायम होणार की नाही. मुलांच्या आणि नातवंडांच्या चिंता निराळ्या आहेत. कोणी परिचारिकेचे शिक्षण घेतलेली, कोणी समाजकार्याची पदवी मिळवलेला, कोणी नुसताच बी.एस्सी. झालेला. त्यांतील काहींना परदेशी विद्यापीठात आरोग्य मानवशास्त्र शिकावयाचे असते आणि त्याच जोडीला आफ्रिकेत वा अन्यत्र वर्ष-दोन वर्षे स्वयंसेवक म्हणून राहावयाचे असते. आईवडील आमच्याकडे येतात ते दोन प्रश्न घेऊन. या शास्त्राने पोट भरते काय? आणि सेवाच करावयाची तर ती सातासमुद्रापलीकडे जाऊन कशासाठी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठाच्या शुल्कपत्रकात आणि बँकेच्या हप्त्यांत शोधावे लागते. तो हिशेब प्रत्येक घराने आपापला मांडावा. दुसऱ्या प्रश्नाला मात्र इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे. तोच येथे सांगावयाचा आमचा मानस आहे.

आधी या शास्त्राविषयी थोडेसे. डॉक्टर रोग पाहतो; घरचे लोक दुखणे पाहतात. दोन्ही एकाच शरीरात असले तरी एक नव्हेत. लेकराला जुलाब लागले की आई म्हणते दृष्ट लागली, आजी म्हणते टाळू बसली, आणि दवाखान्यातील कागदावर तिसरेच काही लिहिले जाते. गोवर 'आला' की त्या घरी सुई नको, असे सांगणारी माणसे आपल्या वस्त्यांतही होती. गरोदर स्त्रीने बेताने खावे म्हणजे मूल लहान राहून बाळंतपण सोपे होते, ही समजूत तर आपल्या कित्येक आज्यांनी प्रामाणिकपणे पाळली. या समजुतींना अडाणीपणा म्हणून बाजूस सारले की औषध घरापर्यंत जाते, पोटात जात नाही. म्हणून त्या समजुती कोठून येतात, त्यांच्यामागे कोणता अनुभव आणि कोणती भीती असते, दवाखान्याची पायरी कोण चढतो आणि कोण चढत नाही, याचा पद्धतशीर अभ्यास करणे हे आरोग्य मानवशास्त्राचे काम. १९५५ साली बेंजामिन पॉल यांनी संपादित केलेल्या एका ग्रंथात मॅकिम मॅरियट या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातील एका खेड्यात पाश्चात्त्य वैद्यक का रुजत नाही याचा शोध घेतला होता. पुढे आर्थर क्लाइनमन यांनी १९८० साली रोग आणि आजारपण यांतील भेद आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला. तेव्हापासून विद्यापीठांतून या विषयाला चांगले बाळसे आले.

अभ्यास आणि परदेशी सेवा यांची अधिकृत सांगड अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवी दलाने १९८७ साली घातली. विद्यार्थ्याने प्रथम विद्यापीठात अभ्यासक्रमाचा बराचसा भाग पुरा करावयाचा, मग प्रशिक्षणासह सुमारे सत्तावीस महिने परदेशात सेवा करावयाची आणि परत येऊन पदवी घ्यावयाची, अशी ती योजना होती. २०१६ साली ती बंद झाली. तशाच धर्तीचे इतर अभ्यासक्रम मात्र निघत राहिले. भारतात या दलाचे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत होते. योजनेत दोष नव्हता असे नाही. दोन वर्षे हा काळ भाषा शिकण्यातच संपतो. आणि ज्या गावाने आपले दुखणे उघडे करून दाखविले त्या गावाच्या हाती, पाहुणा निघून गेल्यावर, पुष्कळदा एक छायाचित्र तेवढे उरते. पदवी पाहुण्याची होते. हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो आणि पुढील इतिहास वाचताना तो मनात असू द्यावा.

ही कल्पना विद्यापीठांना सुचली त्यापूर्वी ती मिशनऱ्यांना सुचली होती. दिव्य शब्द संघाचे फादर विल्हेल्म श्मिट यांनी १९०६ साली 'अँथ्रोपोस' हे नियतकालिक काढले, ते मुख्यतः दूरदेशी राबणाऱ्या मिशनऱ्यांनी आपण पाहिलेल्या लोकजीवनाची नोंद करावी म्हणून. त्याच संघाचे ऑस्ट्रियन फादर स्टीफन फुक्स १९३४ साली भारतात आले, निमाड भागातील बलाही समाजात राहिले, त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, व्हिएन्नाची डॉक्टरेट मिळविली, आणि पुढे मुंबईत अंधेरीला त्यांनी संशोधनसंस्था उभी केली. मोठे कष्टाळू विद्वान. पण त्या पिढीच्या लेखनात लोक हे बहुधा अभ्यासाचा विषय असत, अभ्यासातील सोबती क्वचितच.

आरोग्याच्या क्षेत्रात ख्रिस्तसभेला हा धडा एका स्त्रीने दिला, आणि तो धडा द्यावयास तिला आधी ख्रिस्तसभेचीच एक रूढी मोडावी लागली. ॲग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टर बाई उतारवयात कॅथलिक झाल्या. रावळपिंडीकडील पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे येत नाहीत आणि म्हणून बाळंतपणात मरतात, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी वयाच्या सत्तरीनंतर तेथे स्त्रियांसाठी रुग्णालय उभे राहावे म्हणून खटपट केली. उपाय सरळ होता : धर्मभगिनींनीच डॉक्टर व्हावे. परंतु त्या काळच्या धर्मकायद्याप्रमाणे व्रतस्थ स्त्रियांना वैद्यकी आणि विशेषतः प्रसूतीचे काम वर्ज्य होते. ॲग्नेसबाई १९१३ साली निवर्तल्या. ज्या ऑस्ट्रियन मुलीशी त्यांचा केवळ पत्रव्यवहार झाला होता, ती ॲना डेंगेल आयर्लंडमधील कॉर्क येथे वैद्यक शिकून १९२० साली रावळपिंडीस आली. तिने तेथील दवाखाना चालविला आणि १९२५ साली वॉशिंग्टन येथे मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापिला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने ती बंदी उठविली. या कथेत पडदा दोन्हीकडे होता, एक रावळपिंडीच्या घरात आणि एक आमच्या कायद्याच्या पुस्तकात. दुसऱ्याच्या रूढीचा अभ्यास करावयास निघालेल्या माणसाला स्वतःची रूढी अशी अडखळवते. आजच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमात हे कोणी शिकवीत असेल तर फार बरे.

आता उलट दिशेचा प्रवास पाहू. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले, आणि त्या दुःखातून ती मुलगी १८८३ साली अमेरिकेस गेली, हेही ठाऊक आहे. परंतु फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली, त्यासाठी त्यांनी कोणता प्रबंध लिहिला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. अमेरिकन पाठ्यपुस्तके आणि आपल्याकडील जुने वैद्यकग्रंथ ही दोन्ही समोर ठेवून वीस वर्षांच्या या मुलीने तो लिहिला. आरोग्य मानवशास्त्र हे नावही जन्मले नव्हते अशा काळी, एका मराठी बाईने परदेशी पदवीसाठी आपल्याच समाजातील बाळंतपणाला अभ्यासाचा विषय केले. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी ग्रंथातली सुईण अभ्यासली होती. कोल्हापुरास पोहोचल्या असत्या तर जिवंत सुईणीशी त्यांची गाठ पडली असती, आणि त्या भेटीतून काय निघाले असते याचा विचार आम्ही पुष्कळदा करतो.

दुसरे नाव सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. १९३८ साली, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना, काँग्रेसने जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनमध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस त्या वेळी पुढील वैद्यकीय शिक्षणाच्या तयारीत होते. शिक्षण की सेवा असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला आणि त्यांनी शिक्षण बाजूस ठेवले. की असे म्हणावे, की त्यांनी शाळा बदलली? ते चिनी भाषा शिकले, तीत बोलू-लिहू लागले, तेथील विद्यार्थ्यांना शल्यवैद्यक शिकवू लागले, बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले, ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. पथकातील इतर चौघे परतले. चीनमध्ये आजही नाव निघते ते कोटणीसांचे, आणि त्यात त्या भाषेचा वाटा शस्त्रक्रियांपेक्षा कमी नसावा.

शिक्षण, परदेश आणि खेडे या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या आणि दीर्घकाळ टिकल्या त्या मात्र जामखेडला. येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे आपल्या प्रोटेस्टंट बंधुभगिनींपैकी. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. १९६० साली विवाह झाला तेव्हाच त्यांनी खेड्यातील गरिबांसाठी काम करण्याचे व्रत घेतले आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील वडाळा मिशन रुग्णालयात ते रुजू झाले. रुग्णांची रीघ लागे. पण बरे करून घरी पाठविलेले मूल काही महिन्यांनी त्याच जुलाबाने पुन्हा खाटेवर आलेले दिसे. बहुतेक दुखणी टाळता येण्याजोगी होती. रुग्णालयाच्या दारात बसून ती टळत नव्हती. त्या अस्वस्थतेतून दोघे अमेरिकेस गेले आणि अखेरीस जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. तेथे त्यांचे गुरू होते डॉ. कार्ल टेलर, मसुरीजवळ मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले आणि पंजाबातील नारंगवालच्या खेड्यांत प्रयोग केलेले. म्हणजे अमेरिकेत जाऊन त्यांना जे शिकावयास मिळाले त्याची मुळे भारतातल्याच मातीत होती. ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

१९७० साली ते जामखेडला आले आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या पडीक इमारतीत त्यांनी काम सुरू केले. योजना कागदावर उत्तम होती : शिकलेल्या परिचारिका गावोगाव राहतील आणि आरोग्य पोहोचवतील. ती फसली. तरुण परिचारिका परक्या गावात एकट्या राहावयास धजेनात, आणि गावच्या बायका त्यांना आपले मन सांगेनात. तेव्हा गावकऱ्यांतूनच सूचना आली की आमच्यातलीच बाई घ्या की! ही बाई बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित, कधी नवऱ्याने टाकलेली असे. ती आठवड्यातून दोन दिवस जामखेडला यावयाची, शिकावयाची, आणि उरलेले दिवस गावात ते वापरावयाची. बाळंतपण कसे करावे हे डॉक्टरांनी तिला शिकविले. गरोदर बाई कमी का खाते, मूल आजारी पडले की सासू आधी कोठे नेते, कोणत्या घरची पायरी कोणाला चढू देत नाहीत, हे तिने डॉक्टरांना शिकविले. विद्यापीठात यासाठी लांबलचक प्रश्नावली लागते.

१९७२ च्या दुष्काळाने आणखी एक पदर उलगडला. लोकांना औषध नको होते, पाणी हवे होते. विंधन विहिरी घेताना त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या, आणि पाण्यासाठी सगळ्या गावाला तेथे यावे लागले. पुरुषांना एकत्र आणण्यासाठी व्हॉलीबॉलचे खेळ सुरू झाले, त्यांतून शेतकऱ्यांची मंडळे निघाली. पाठोपाठ महिला मंडळे आली. विहिरीची जागा आणि व्हॉलीबॉल हे आरोग्याचे उपाय होते, हे वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही. जातीची उतरंड हीच रोगाची एक वाट आहे, हे जामखेडला प्रत्यक्ष दिसले आणि म्हणून इलाजही तेथेच झाला. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्ष पुरे होण्याआधी दगावत. नव्वदच्या दशकात तो आकडा तिशीच्या खाली आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातून चालणाऱ्या आरोग्यकार्यावर एक पुस्तक काढले त्यात जामखेडचा समावेश होता. तीन वर्षांनी अल्मा-आता येथील परिषदेने प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा केला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या ग्राम आरोग्यसेविकांपैकी मुक्ताबाई पोळ यांना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलावयास नेले होते. सभागृहात झुंबरे लखलखत होती. डॉक्टर हे त्या झुंबरांसारखे, सुंदर पण महागडे आणि उंचावर टांगलेले. आपण मात्र हातातल्या छोट्या दिव्यासारख्या, ज्याने दुसरा दिवा पेटविता येतो, अशा अर्थाचे त्या तेथे बोलल्या आणि सभागृह उभे राहिले, असे सांगतात. मेबलबाई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली निवर्तले. जामखेडला १९९४ पासून प्रशिक्षणसंस्था आहे. तिच्यात देशोदेशीचे विद्यार्थी, डॉक्टर आणि पदवीधर येऊन बसतात आणि त्यांना शिकविणाऱ्यांत पूर्वी अक्षरओळखही नसलेल्या बायका असतात. परदेशी स्वयंसेवक मदत द्यावयास येतो ही कल्पना तेथे उलटी होते. तो शिकवणी घ्यावयास येतो.

जॉन्स हॉपकिन्सचीच पदवी घेऊन डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीस गेले. तेथील आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारले. तेथे नातलगांना आत येऊ देत नाहीत, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, अशी उत्तरे आली. मग शोधग्राममध्ये इमारतीऐवजी झोपड्यांचे रुग्णालय उभे राहिले, त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले आणि रुग्णासोबत नातलग राहू लागले. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात राणीबाईंचा दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. एवढे दुखणे घराघरांत असून ते कोणाच्या कानी गेले नव्हते. कारण विचारणारे कोणी नव्हते, आणि विचारले तरी ज्या शब्दांत बायका ते सांगत ते शब्द डॉक्टरांस ठाऊक नव्हते.

पुण्यातही हे शास्त्र शांतपणे वाढले. पुणे विद्यापीठातील डॉ. रा. के. मुटाटकर यांनी कुष्ठरोगाचा मानवशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. 'सोसायटी अँड लेप्रसी' हा त्यांचा ग्रंथ १९७९ चा. कुष्ठरोग्याचे बोट झडते ते जंतूमुळे, पण त्याचे घर सुटते ते शेजाऱ्यांमुळे, हे आपल्या पिढीला निराळे सांगावयास नको. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मानवशास्त्र संस्थेने पुढे स्वित्झर्लंडचे डॉ. मिचेल वाइस यांच्यासारख्या परदेशी अभ्यासकांबरोबर क्षयरोगाविषयीच्या ग्रामीण समजुतींचा आणि त्यामागच्या लाजेचा मागोवा घेतला. आणि मावळ-मुळशीच्या डोंगरात, फ्रान्सहून १९७२ साली पुण्यास येऊन येथेच राहिलेले गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांचा संग्रह लाखाच्या वर गेला आहे. ते आरोग्यशास्त्र नव्हे खरे. पण बाळंतपण, वांझपण, माहेरची ओढ, सासुरवासातील उपासमार यांविषयी बाई स्वतःशी काय बोलते हे ज्याला ऐकावयाचे असेल, त्याने आधी तिकडे कान द्यावा.

आता आमच्या अंगणात येऊ. चाकणहून शिक्रापूरकडे जाणारा रस्ता धरला की पुढे भीमेच्या परिसरात छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांस परिचित असलेले वढू बुद्रुक लागते. पुण्याच्या रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात या गावी ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प उभारला आणि गावातल्याच माणसांना आरोग्याच्या कामासाठी तयार केले. १९९३ साली त्यांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००४ साली त्या वारल्या. त्यांच्या मागे तो प्रकल्प थांबला नाही. २००२ पासून तेथील बावीस गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, कोण आले, कोण गेले याची नियमित नोंद होऊ लागली, आणि या संशोधनाचे नेतृत्व दीर्घकाळ डॉ. संजय जुवेकर या मानवशास्त्रज्ञाने केले. परदेशी विद्यापीठांना जे क्षेत्र दूरच्या खंडात शोधावे लागते ते येथे सणसवाडी आणि कोरेगाव भीमाच्या कारखान्यांच्या भोंग्याच्या टापूत आहे.

या नोंदींत एक पद्धत अशी असते की घरी मृत्यू झाला आणि डॉक्टरचा दाखला नसला, तर काही दिवसांनी कार्यकर्ता त्या घरी जाऊन बसतो आणि विचारतो : ताप किती दिवस होता, धाप लागत होती का, शेवटी काय खाल्ले. घरच्यांच्या तोंडून आलेल्या त्या उत्तरांवरून मृत्यूचे कारण ठरविले जाते. आम्ही धर्मगुरू याच घरांत याच दिवसांत जातो, आणि आम्हांलाही हेच सांगितले जाते. या कामासाठी लागणारा धीर कोणत्या वर्गात शिकवितात कोण जाणे.

चाकण, कुरुळी, महाळुंगे येथील भाड्याच्या खोल्यांत आज झारखंड, छत्तीसगड, ओडिशाकडील कामगार राहतात. त्यांत आपले श्रद्धावंतही आहेत, आणि रविवारच्या मिस्साला ते शेवटच्या बाकांवर बसतात. आजाऱ्याला भेटावयास आम्ही अशा एखाद्या खोलीत जातो तेव्हा आठ पुरुष पाळीपाळीने तीन गाद्यांवर झोपलेले दिसतात. ज्या बाईला बरे नसते ती आपले दुखणे सादरीत सांगते, नवरा ते हिंदीत आणतो, दवाखान्यात ते मराठीत लिहिले जाते आणि चिठ्ठीवर इंग्रजीत उतरते. या चार मुक्कामांत वाटेत काय काय गळते ते मोजणारे कोणी नाही. गावाकडे बैगा किंवा ओझाकडे जाणारी ही माणसे येथे कोणाकडे जातात, कंपनीच्या पाळीमुळे गोळी कोणत्या वेळी चुकते, कंत्राटदाराला कळेल म्हणून खोकला किती दिवस लपविला जातो, हे सारे प्रश्न प्रबंधाचे आहेत आणि सेवेचेही.

म्हणून जी मुले परदेशी अर्जाचे कागद घेऊन आमच्याकडे येतात त्यांना आम्ही अडवीत नाही. आनंदीबाई, कोटणीस, आरोळे यांपैकी कोणालाही घरी थांबवून धरले असते तर आपले काय झाले असते? आम्ही त्यांना एवढेच विचारतो की, अर्जात 'समाजासोबतचा पूर्वानुभव' असा जो रकाना असतो त्यात काय लिहिणार आहात? एक मुलगी या प्रश्नानंतर गेले वर्षभर दर रविवारी महाळुंग्याच्या खोल्यांतून फिरते आहे. तिची वही सादरी शब्दांनी भरत चालली आहे. पोटदुखीचेच पाच शब्द तिला मिळाले आहेत. तिचा अर्ज पुढच्या महिन्यात जाणार आहे, आणि आईवडील हप्त्यांच्या हिशेबासाठी पुन्हा एकदा आमच्याकडे येणार आहेत.